जुनं ब्रॉडकॉम वायफाय आणि लिनक्स: बी43 की डब्ल्यूएल?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पडदा, आवाज, टचपॅड सगळं नीट चाललं आणि वायफायच तेवढं रुसलं, तर आत बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते. अ‍ॅथेरॉसच्या जुन्या कार्डांसाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एटीएच5के आणि एटीएच9के हे ड्रायव्हर आहेत. पीसीआय कार्ड असेल तर 9के फर्मवेअरसुद्धा (चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्रॅम) मागत नाही. इंटेलच्या 3945 आणि 4965 ची सोय आयडब्ल्यूएललेगसी करतो. तिथे निवड करण्याची वेळच येत नाही. ब्रॉडकॉमचं तसं नाही. एकाच चिपवर हक्क सांगणारे दोन ड्रायव्हर असतात, कर्नलच्या आतला बी43 आणि ब्रॉडकॉमचा स्वतःचा डब्ल्यूएल, आणि दोन्ही एकदम लोड झाले की त्यांच्या भांडणात नेटवर्कच दिसेनासं होतं.

माझा कल आधीच सांगून टाकतो: कर्नलच्या आतला ड्रायव्हर चिप चालवत असेल, तर थोडा वेग सोडून तोच घ्यावा. तो चालतच नसेल, तरच डब्ल्यूएलकडे वळावं.

आधी आयडी बघा

लॅपटॉपवरचं स्टिकर किंवा चिपचं नाव पुरेसं नाही. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ हा आदेश ‘एनएनके’ पर्यायासह चालवा. ब्रॉडकॉमच्या ओळीत 14ई4 आणि त्यापुढे चार अक्षरी आकडा दिसेल, खाली सध्या कोणता ड्रायव्हर लागलाय तेही दिसेल. निर्णय या आकड्यावर घ्यायचा. नावांचा घोळ किती आहे बघा: 14ई4:4312 हा आयडी प्रत्यक्षात बीसीएम4311 च्या एका प्रकाराचा आहे, आणि बीसीएम4312 म्हणून जी चिप ओळखली जाते तिचा आयडी 4315. केवळ नावावरून शोधाशोध करणारे इथेच भलत्या वाटेला लागतात.

बी43: हळू, पण घरचा

ब्रॉडकॉमने माहिती दिली नाही, म्हणून स्वयंसेवकांनी कंपनीचा ड्रायव्हर उलगडून तपासला आणि त्यावरून बी43 लिहिला. 2008 च्या सुरुवातीला आलेल्या 2.6.24 कर्नलपासून तो आत आहे. त्याहून जुन्या चिपांसाठी, म्हणजे 4301, 4303 आणि 4306 च्या सुरुवातीच्या आवृत्तीसाठी, बी43लेगसी हा वेगळा ड्रायव्हर आहे.

तो कर्नलसोबत येतो, पण चिपला लागणारं फर्मवेअर येत नाही, कारण ते वाटायची परवानगी ब्रॉडकॉमने दिलेली नाही. म्हणून कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरमधून बी43-एफडब्ल्यूकटर या साधनाने ते कापून काढावं लागतं. डेबियन आणि उबंटूमध्ये हे काम करणारं इन्स्टॉलर पॅकेज आहे, पण ते चालवायला नेट हवं, आणि नेट नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम भागतं. नाहीतर दुसऱ्या संगणकावर फाईली काढून आणा आणि ‘लिब’मधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरात ‘बी43’ नावाने ठेवा. ‘डीमेसेज’ या आदेशाने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांमध्ये ‘यूकोड’ने सुरू होणारी फाईल सापडत नाही अशी तक्रार असेल, तर ड्रायव्हर ठणठणीत आहे, कमी आहे ती फर्मवेअरची.

वेगाची बाजू लंगडी आहे, हे मान्य करायला हवं. 802.11एन या जास्त वेगवान वायफाय पद्धतीची क्षमता असलेल्या चिपाही बी43 जुन्या जी पद्धतीने चालवतो, म्हणजे कागदावर 54 एमबीपीएस आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण तुमची चिप 4315 असेल, तर हा मुद्दाच उरत नाही: ती मुळात बी/जी चिप आहे, डब्ल्यूएल लावूनही 54 च्या पुढे जाणार नाही. या चिपसाठी केवळ वेगापोटी डब्ल्यूएल लावणं मला व्यर्थ वाटतं. काही लॅपटॉपांवर 4315 ला डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी थेट देवाणघेवाण) जमत नाही आणि जोडणी तुटत राहते. तेव्हा बी43 ला ‘पीआयओ’ हा पर्याय 1 देऊन बघा. प्रोसेसरवर भार वाढतो, पण जोडणी टिकते.

बी43 च्या बाजूने सर्वांत वजनदार गोष्ट 2020 ची आहे. तोवर हा ड्रायव्हर डब्ल्यूपीए3 या नव्या सुरक्षा पद्धतीच्या नेटवर्कला जोडत नव्हता. कर्नलसाठी वायफाय ड्रायव्हर लिहिणारे लॅरी फिंगर यांनी (2024 मध्ये त्यांचं निधन झालं) छोटासा बदल करून चिपला न जमणारं एन्क्रिप्शन कर्नलच्या सॉफ्टवेअरकडे सोपवलं, आणि वर्षानुवर्षं जुनी कार्डं डब्ल्यूपीए3 ला जोडू लागली. कर्नलच्या आत असण्याचा फायदा तो हाच. हॉटस्पॉट हवा असेल, तरी बी43 च घ्यावा लागेल.

डब्ल्यूएल: वेगवान, पण गोठलेला

डब्ल्यूएल हा ब्रॉडकॉमचा स्वतःचा ड्रायव्हर. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज ब्रॉडकॉम-एसटीए या नावाने मिळतं. मुख्य भाग बंद, तयार बायनरी; भोवती पातळ आवरण, जे डीकेएमएस हे साधन प्रत्येक कर्नलसाठी तुमच्या संगणकावर नव्याने बांधतं. एन चिपांना एनचा वेग मिळतो, त्याहून नव्या एसी पद्धतीच्या चिपांना एसीचा. वेगळं फर्मवेअर शोधावं लागत नाही. पहिल्या दिवशी डब्ल्यूएलचा अनुभव बी43 पेक्षा सुखाचा असतो, यात शंका नाही.

दुखणी नंतर सुरू होतात. शेवटची आवृत्ती 6.30.223.271, साल 2015. त्यानंतर कर्नलच्या आतल्या रचना कितीदा तरी बदलल्या, आणि दर वेळी डिस्ट्रोच्या (डेबियन, उबंटूसारख्या लिनक्स संचांच्या) लोकांनी ठिगळं लावून हा ड्रायव्हर चालता ठेवला. ठिगळ यायच्या आधी तुम्ही नवं कर्नल घेतलंत, तर डीकेएमएस अपयशी ठरतं आणि रीबूटनंतर वायफाय गायब. डेबियनच्या स्थिर आवृत्तीवर हा त्रास क्वचित होतो. आर्चसारख्या सतत बदलणाऱ्या डिस्ट्रोवर मात्र एलटीएस (दीर्घकाळ सांभाळलं जाणारं) कर्नल हाताशी ठेवल्याशिवाय डब्ल्यूएलच्या वाटेला जाऊ नये. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल, तर बांधलेल्या मॉड्यूलवर स्वतःची सही करून ती किल्ली नोंदवायचं कामही वाढतं. कर्नलच्या आतल्या ड्रायव्हरांवर डिस्ट्रोची सही आधीच असते.

सुरक्षेचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवतो. 2019 च्या एप्रिलमध्ये डब्ल्यूएलमधल्या गंभीर त्रुटी जाहीर झाल्या, जोडणीच्या वेळी मेमरीबाहेर लिहू देणाऱ्या. त्यावर लिनक्ससाठी नवी आवृत्ती आली नाही, आकडा 2015 चाच आहे. डब्ल्यूपीए3 चीही आशा धरू नका.

लावायचाच असेल तर बी43, बीआरसीएमएसमॅक (त्याबद्दल खाली) आणि त्यांना आधार देणारे बीसीएमए व एसएसबी ब्लॅकलिस्ट करावे, म्हणजे लोड होण्यापासून रोखावे लागतात. इथे एक खाच आहे: काही जुन्या लॅपटॉपांचं केबलचं नेटवर्क बी44 या ड्रायव्हरवर चालतं, आणि बी44 ला एसएसबी लागतो. एसएसबी बंद केला की वायफाय दुरुस्त करताना ज्या केबलचा आधार होता, तीही जाऊ शकते.

एवढं सगळं असून 14ई4:43ए0 म्हणजे बीसीएम4360, किंवा 43बी1 म्हणजे बीसीएम4352 असेल, तर मात्र डब्ल्यूएलच. बी43 या चिपा चालवत नाही. बीसीएम4331 मधल्यामध्ये अडकते: बी43 वर जीच्या वेगाने चालते, डब्ल्यूएलवर एनच्या. मेल आणि वाचनापुरता लॅपटॉप असेल, तर मी तिथेही बी43 ठेवेन.

बीआरसीएमएसमॅक

2010 मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच खुला ड्रायव्हर दिला, त्याचं हे आजचं रूप. 4313, 43224 आणि 43225 या तीनच चिपा, पण एनचा वेग मिळतो आणि फर्मवेअर लिनक्स-फर्मवेअरच्या संचात असतं. शेवटच्या दोन चिपांसाठी विचार करत बसू नका, हाच घ्या. 4313 ला काही लॅपटॉपांवर सिग्नल कमजोर मिळतो. खोली बदलली की जोडणी तुटत असेल, तर डब्ल्यूएल तात्पुरता लावून तुलना करायला हरकत नाही.

कर्नल स्वतः बांधणाऱ्यांसाठी

मेनूकॉन्फिग या कर्नल बांधणीच्या मेनूत यातला कर्नलच्या आतला कुठलाही ड्रायव्हर मॉड्यूल (गरजेनुसार वेगळा लोड होणारा भाग) म्हणूनच ठेवा. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधला, तर तो डिस्क जोडली जाण्याआधी जागा होतो आणि तेव्हाच फर्मवेअर मागतो, जे अजून आवाक्यात नसतं. मग फाईल जागच्या जागी असून ‘सापडली नाही’ असा संदेश येतो. फर्मवेअरही कर्नल प्रतिमेत घालून हे टाळता येतं, पण वायफायसाठी तेवढा उपद्व्याप कशाला?

एनडीआयएसरॅपर आणि कार्ड बदलणं

विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवणारा एनडीआयएसरॅपर जुन्या मार्गदर्शिकांमध्ये अजून भेटतो. एका काळी तो वरदान होता, आज त्याच्या नादी लागू नये.

त्यापेक्षा कार्डच बदलणं बरं. मिनी पीसीआय-एक्सप्रेसची जागा असेल, तर एटीएच9के वर चालणारं जुनं कार्ड टाका. फक्त त्याआधी लॅपटॉपचा बायोस परकं कार्ड स्वीकारतो का हे तपासा. काही कंपन्यांनी मान्य कार्डांची यादीच बायोसमध्ये कोंबली आहे, आणि यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरूच होत नाही. अशा वेळी यूएसबी डोंगल उरतो. तो घेताना खोक्यावर ‘लिनक्स चालतं’ असं लिहिलंय म्हणून भुलू नका. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर उतरवून बांधावा लागत असेल, तर डब्ल्यूएलचंच दुखणं तुम्ही पैसे देऊन पुन्हा विकत घेताय.