पॉइंटरऐवजी हँडल: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या जुलैत भोसरीच्या एका कारखान्यातून सुपरवायझर काकांचा फोन आला. "मॅडम, सहा नंबरचं लेथ सकाळपासून उघडून ठेवलंय, मेंटेनन्सला आहे. आणि तुमच्या स्क्रीनवर ते बाराशे आरपीएमनं फिरतंय." दुपारी पावसात लाइट गेली होती, तासाभरानं आली, आणि तेव्हापासून हे सुरू होतं. आमचा डबा, म्हणजे कारखान्यात बसवलेला छोटा संगणक, मशीनकडून आकडे फक्त वाचतो, मशीनला आज्ञा देत नाही, त्यामुळे कुणाला इजा व्हायचा प्रश्न नव्हता. तरी उघड्या लेथमध्ये माणसाचा हात असतो आणि स्क्रीनवर आपण ते फिरताना दाखवतोय, ही गोष्ट मला दोन रात्री झोपू देईना.

आमचा डबा म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा गेटवे. कारखान्यातल्या चाळीस-पन्नास मशीनशी मॉडबस टीसीपीवर (कारखान्यातल्या मशीनची नेटवर्कवरची बोली) बोलायचं, रीडिंग गोळा करायची आणि पुढे पाठवायची. सगळा कोड सीमध्ये, त्यातला बराचसा मी इथे येण्याआधीचा. प्रत्येक मशीनच्या कनेक्शनचा एक सेशन स्ट्रक्ट, म्हणजे त्या कनेक्शनची माहिती ठेवणारा मेमरीचा तुकडा; तो मॅलॉक या फंक्शननं मागून घ्यायचा, कनेक्शन तुटलं की फ्री करायचा, म्हणजे परत द्यायचा. आणि त्या सेशनचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, किमान पाच ठिकाणी जपून ठेवलेला: टायमरमध्ये, ईपोलमध्ये (अनेक कनेक्शनांवर एकदम लक्ष ठेवणारी लिनक्सची सोय), रिक्वेस्टच्या रांगेत, लॉगिंगमध्ये, वेबपेजच्या यादीत.

घडलं ते असं. लाइट गेली, नेटवर्कचा स्विच बंद पडला, सगळी कनेक्शनं मेली, सगळे सेशन फ्री झाले. सहा नंबरचा एक टायमर मात्र रद्द व्हायचा राहिला. लाइट आल्यावर मशीन वेगळ्याच क्रमानं जोडली गेली. जीलिबसीत (मॅलॉक जिच्यात असतो ती लिनक्सवरची सीची लायब्ररी) २.२६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या प्रत्येक कामाचा, स्वतःचा छोटा साठा असतो आणि नुकता सोडलेला तुकडाच त्याच मापाच्या पुढच्या मागणीला आधी दिला जातो. आमचे सेशन सगळे एकाच मापाचे. त्यामुळे सहा नंबरची जुनी जागा नऊ नंबरला मिळाली. जुना टायमर दर दोन सेकंदांनी उठायचा, हातातल्या पॉइंटरमागचं रीडिंग उचलायचा आणि 'सहा नंबर' म्हणून पाठवायचा. पत्ता वैध, स्ट्रक्ट बरोबर प्रकारचा, आकडे खरेखुरे. प्रोग्रॅम कोसळायला काही कारणच नव्हतं. कोसळला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

गणपती झाल्यावर आम्ही सेशन, टायमर आणि रिक्वेस्ट या तिन्ही गोष्टी हँडल टेबलवर आणायला घेतल्या. ऑक्टोबरपासून ते कारखान्यांत चालतंय. आठ महिन्यांचा हा अनुभव लिहून ठेवतेय, कारण सुरुवातीला मी जे वाचलं त्यात कल्पना छान समजावलेली होती, पण पुढे काय काय टोचतं ते फारसं नव्हतं.

कल्पना देवळाबाहेरच्या चप्पलस्टँडसारखी आहे: टेबल म्हणजे स्टँड, हँडल म्हणजे बिल्ला. तुम्ही चप्पल देता, तो खान्यात ठेवतो आणि तुमच्या हातात सत्तावीस नंबरचा बिल्ला देतो. चप्पल कुठल्या फळीवर आहे हे तुम्हाला माहीत असायची गरज नाही. पण बिल्ला परत न करता कुणी घरी गेलं आणि महिन्यानं तोच घेऊन आलं, तर सत्तावीस नंबरच्या खान्यात आता दुसऱ्याची चप्पल असते. म्हणून बिल्ल्यावर खान्याच्या नंबराबरोबर आणखी एक आकडा हवा: हा खाना कितव्यांदा दिलाय. खाना रिकामा झाला की तो आकडा एकानं वाढवायचा. जुना बिल्ला आला की आकडा जुळत नाही, आणि चप्पल मिळत नाही. आम्ही त्या आकड्याला 'पिढी' म्हणतो.

युनिक्सचा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा किंवा कनेक्शनचा नंबर) हाही हँडलच आहे, पण त्याला पिढी नाही. उलट पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाचा, नियमच असा की ओपन करताना उपलब्ध असलेला सगळ्यात लहान नंबर द्यायचा. म्हणजे सात नंबर बंद केला की पुढच्या क्षणी दुसऱ्या कुणाला तोच सात मिळायची शक्यता सगळ्यात जास्त. एकच डिस्क्रिप्टर चुकून दोनदा क्लोज केला आणि मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडनं काही उघडलं असेल, तर त्याचं कनेक्शन आपण तोडतो. प्रोसेस आयडीचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या नंबराचं, दुखणंही तेच आहे. त्यावर लिनक्सनं ५.३ मध्ये, २०१९ साली, पिडएफडी, म्हणजे एका ठरावीक प्रोसेसलाच चिकटलेला डिस्क्रिप्टर, उघडायची सोय दिली.

आमचं हँडल ३२ बिटांचं आहे. पहिल्या आवृत्तीत २४ बिट खान्याच्या नंबराला आणि ८ बिट पिढीला दिले होते. ही वाटणी माझी होती आणि ती चुकली. एका ठिकाणी नेटवर्कची केबल सैल होती, एक मशीन दर पाच सेकंदांनी तुटून पुन्हा जोडलं जायचं. मोकळ्या खान्यांची साखळी आम्ही शेवटी आलेला आधी द्यायचा अशी ठेवली होती, त्यामुळे दर वेळी तोच खाना त्याच मशीनला. पिढी शून्य आम्ही वापरत नाही, म्हणून उरल्या २५५. २५५ गुणिले ५ म्हणजे १२७५ सेकंद: साधारण एकवीस मिनिटांत पिढी फिरून पहिल्या आकड्यावर. अर्धा तास जुनं हँडल धरून बसलेला कुणीही पुन्हा फसू शकत होता. ज्या रोगासाठी औषध आणलं तोच रोग, फक्त दुर्मीळ झालेला.

आता १६ बिट नंबराला, १६ पिढीला. कुठल्याही कारखान्यात आम्हाला एका टेबलमध्ये १०२४ पेक्षा जास्त खाने लागलेले नाहीत, त्यामुळे १६ बिट भरपूर होतात. एकच खाना पुन्हा पुन्हा दिला तरी ६५,५३५ पिढ्या पाच सेकंदांच्या हिशोबानं पावणेचार दिवसांना पुरतात. पण खरा फरक पडला तो साखळी उलटी केल्यावर: मोकळा झालेला खाना रांगेच्या शेवटी लावायचा. मग तेच सैल केबलचं मशीन हजारभर रिकाम्या खान्यांतून फिरत राहतं आणि पिढी पुन्हा पहिल्या आकड्यावर यायला दहा वर्षं लागतात. शेवटी आलेला खाना आधी दिला की कॅशमध्ये (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) तो गरम असतो, हा युक्तिवाद खरा आहे. आमच्या कामात त्याचं वजन नगण्य निघालं. कुणी नव्यानं टेबल लिहीत असेल तर बिटांच्या वाटणीआधी हा क्रम ठरवा.

पिढी शून्य सोडून दिल्याचा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसला. कॅलॉकनं घेतलेल्या किंवा शून्यानं भरलेल्या कुठल्याही स्ट्रक्टमधलं हँडल आपोआप अवैध असतं. मुद्दाम काही लिहावं लागत नाही.

दुसरी गोष्ट सीची म्हणून सांगायला हवी. आमची तिन्ही हँडलं मुळात एकाच प्रकारचे आकडे, आणि त्यांना टाइपडेफनं दिलेली तीन टोपणनावं सीला वेगळी वाटत नाहीत. सेशनचं हँडल टायमरच्या फंक्शनला दिलं तरी कंपायलर गप्प. आमच्याकडे दोनदा असं झालं, तेव्हा प्रत्येक हँडल एकच सदस्य असलेल्या स्वतंत्र स्ट्रक्टमध्ये गुंडाळलं. चार बाइटांचा स्ट्रक्ट रजिस्टरमधूनच जातो, वेगात काही जात नाही. तुलना करायला बरोबर-बरोबर चालत नाही, छोटं फंक्शन लागतं. एवढ्या किमतीत कंपायलर पहारा देतो. सुरुवातीपासून असंच करायला हवं होतं.

सगळ्यात जास्त समाधान ईपोलनं दिलं. ईपोलमध्ये नोंदणी करताना आपल्याला ६४ बिट स्वतःसाठी मिळतात. आमच्या जुन्या कोडमध्ये तिथे पॉइंटर होता. पण एकाच वेटमध्ये, म्हणजे ईपोलला एकदा विचारल्यावर, समजा दहा घटना आल्या, आणि तिसरी हाताळताना आपण सातवीचं सेशन बंद केलं, तर सातवी घटना आपल्या यादीत आधीच येऊन बसलेली असते, मेलेला पॉइंटर घेऊन. जुन्या कोडमध्ये त्यासाठी 'नंतर मारायच्या' सेशनची वेगळी यादी होती, आणि ती यादी कधी रिकामी करायची यावर टीममध्ये दर दोन महिन्यांनी चर्चा व्हायची. आता तिथे हँडल आहे. सातवी घटना आली, टेबलात विचारलं, नाही मिळालं, पुढे चला. ती यादी आणि तिच्याभोवतीचा सगळा कोड काढून टाकला तो दिवस मला लक्षात आहे.

आता टोचणारं. हँडल दिल्यावर टेबल शेवटी पॉइंटरच देतं, आणि तो पॉइंटर लोक जपून ठेवतात. मीही ठेवला होता. फंक्शनच्या सुरुवातीला पॉइंटर घेतला, मध्ये एक फंक्शन बोलावलं, त्यानं नवा सेशन तयार केला, टेबल भरलेलं म्हणून रीॲलॉक झालं, म्हणजे मोठी जागा मागितली गेली, सगळे ऑब्जेक्ट दुसरीकडे गेले, आणि परत येऊन मी जुन्या जागेत लिहिलं. हे टेस्टमध्येच ॲड्रेससॅनिटायझरनं, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणाऱ्या साधनानं, पकडलं. त्यानंतर ऑब्जेक्ट ६४-६४ च्या तुकड्यांत ठेवले. तुकडा एकदा घेतला की हलवायचा नाही, वाढायचं तर नवा तुकडा जोडायचा. शिवाय नियम केला: टेबलनं दिलेला पॉइंटर त्या फंक्शनपुरताच, आणि मध्ये कॉलबॅक (दुसऱ्यानं आपल्याकडे नोंदवलेलं फंक्शन) बोलावला तर परत आल्यावर पुन्हा मागायचा. हा नियम कंपायलर पाळून घेत नाही. कोड तपासताना डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि हा या पद्धतीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा दोष आहे.

ॲड्रेससॅनिटायझरचं नाव निघालं म्हणून इशारा. हँडल टेबल आणलं की त्याची अर्धी नजर जाते. खाना मोकळा झाला तरी ती मेमरी मॅलॉकच्या दृष्टीनं अजून आपलीच असते, त्यामुळे जुन्या पॉइंटरनं तिथे लिहिलं तर त्याला काही वावगं दिसत नाही. त्याचे मॅक्रो वापरून मोकळा खाना आपण हातानं निषिद्ध करायचा आणि परत देताना खुला करायचा. हे लावताना आम्हाला कळलं की पिढीचा आकडा ऑब्जेक्टच्या आतच असेल तर टेबलनं नुसती तपासणी केली तरी बोंब होते. म्हणून पिढ्यांची ॲरे वेगळी काढली. निषिद्धच्या या खुणा आठ बाइटांच्या हिशोबानं होतात, तेव्हा ऑब्जेक्टचं माप आठच्या पटीत ठेवणंही आलं.

थ्रेडचा प्रश्न टेबल सोडवत नाही. पिढी जुळली, पॉइंटर मिळाला, आणि वापरायच्या आत दुसऱ्या थ्रेडनं खाना मोकळा केला, तर आपण पुन्हा जुलैत. टेबलाभोवती लॉक लावून हे सुटत नाही, कारण लॉक सुटल्यावर पॉइंटर हातात उरतोच. रेफरन्स मोजणं, म्हणजे किती जण ऑब्जेक्ट धरून आहेत ते मोजून शेवटचा सुटल्यावरच तो मोकळा करणं, हा एक मार्ग आहे. आम्ही दुसरा घेतला: टेबल एकाच थ्रेडच्या मालकीचं, बाकीचे थ्रेड हँडल घालून निरोप पाठवतात. निरोप पोचेपर्यंत सेशन मेलं असेल तर मालक थ्रेडला ते तिथेच कळतं. आमच्या कामाला हे पुरतं. हजारो कनेक्शनं आणि आठ कोअर असते तर पुरलं नसतं.

डिबगरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅम आतून बघायच्या साधनात, पहिले काही आठवडे सगळ्यांची चिडचिड झाली. आधी पॉइंटर उलगडला की स्ट्रक्ट समोर यायचा, आता नुसता एक मोठा आकडा. जीडीबी या आमच्या डिबगरसाठी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिल्यावर ते थांबलं. पण लॉगमध्ये हँडल 'खाना:पिढी' अशा रूपात छापायला लागलो, आणि त्यानं कामाची पद्धतच बदलली. '१७:३ मागितलं, खान्यात आता ४' अशी ओळ दिसली की कुणी, कुठून, किती जुना बिल्ला आणला ते तिथेच कळतं. पूर्वी लॉगमध्ये पत्ते छापायचो. तोच पत्ता दिवसभरात चार मशीनचा असायचा, आणि लॉग वाचणारा त्या चौघांना एकच समजायचा.

गळतीही लवकर दिसते. टेबलाला वरची मर्यादा असल्यानं टायमर परत न करणारा एक जुना रस्ता डिसेंबरात सापडला: टेबल भरलं आणि नवा टायमर मिळेना. मॅलॉक असता तर तो महिनोन्‌महिने हळूहळू मेमरी खात राहिला असता. अर्थात 'खाना शिल्लक नाही' ही वाट प्रत्येक ठिकाणी लिहावी लागते, ते काम टाळता येत नाही.

वेगाबद्दल विचारतात. पर्फच्या (प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) अहवालात टेबलाचं फंक्शन वरच्या ओळींत कधी आलं नाही. आम्ही वेळ घालवतो तो नेटवर्कची वाट बघण्यात. आणि ६४ बिटांच्या पॉइंटरपेक्षा हँडल निम्म्या जागेत बसतं.

सगळीकडे हे लावू नका. एका फंक्शनमध्ये जन्मून तिथेच संपणाऱ्या गोष्टी, पार्सरचं झाड, कॉन्फिगरेशन, हे आम्ही पॉइंटरवरच ठेवलंय. ज्या वस्तूचं आयुष्य एकजण ठरवतो आणि आठवण दुसरेच ठेवतात, तिच्यासाठी हँडल.

यंदाचा पाऊस सुरू झालाय. गेल्या आठवड्यात त्याच कारखान्यात पुन्हा लाइट गेली आणि आली. लॉगमध्ये जुन्या बिल्ल्यांच्या अकरा ओळी होत्या. नऊ अपेक्षित होत्या. दोन मात्र वेबपेजच्या यादीतून आल्या होत्या, तिथे सेशन गेल्याचा निरोप आम्ही देतच नव्हतो. ते दुरुस्त केलं. सीरियल पोर्टचं जुनं मॉड्यूल अजून पॉइंटरवर आहे, ते दिवाळीनंतर घ्यायचं ठरलंय. तोवर त्याच्या टायमरमध्ये मशीनचा नंबर दोन्ही बाजूंनी तपासून मगच रीडिंग पुढे जाऊ देतोय.