ब्लॅकबेरी लिली का ग्लॅडिओलस, अंगणात काय लावायचं?

सांगलीच्या मावशीचा परवा फोन, घरापुढं चार फूट जागा रिकामी आहे, आयरिसच्या (तलवारीसारख्या पानांचं फुलझाड) कुळातलं देशी काहीतरी फूल सांग, नर्सरीवाला ग्लॅडिओलसच घ्या म्हणून मागं लागलाय. माझ्याकडं साताऱ्यात दोन्ही लावून झालीयत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, अजून कुणाला उपयोग झाला तर झाला.

देशीचं म्हणाल तर ग्लॅडिओलस मूळचा आफ्रिकेतला, बहुतेक रानटी जाती साउथ आफ्रिकेतल्याच. ब्लॅकबेरी लिली हिमालयापासून पार चीन-जपानपर्यंत रानात येते, म्हणजे देशी खरी पण आपल्या सह्याद्रीची नव्हे. आणि लिली तर नाहीच नाही! आधी तिला शास्त्रात बेलमकांडा म्हणायचे, 2005 मध्ये डीएनए बघून सरळ आयरिसमध्येच घातली, आता नाव आयरिस डोमेस्टिका. काश्मीरकडची मोठ्या पाकळ्यांची आयरिस मागवायच्या फंदात पडू नका, तिला कडक थंडी लागते, इथं नुसती पानं बघत बसाल.

ग्लॅडिओलस दिसायला देखणाच, त्यात वादच नाही. कंद पाऊस संपता संपता दोन-तीन इंच खोल लावायचे, साधारण अडीच-तीन महिन्यात दांडा येतो आणि खालनं वर एकेक फूल उमलत जातं. खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की दांडा कापून पाण्यात ठेवा, आठवडाभर तरी हॉलची शोभा. पण त्याची उस्तवार फार. काठीचा आधार द्या, फुलकिडे आले की पाकळ्यांवर पांढुरके चट्टे पडतात ते बघा, पानं पिवळी पडली की कंद उकरा, वाळवा, ठेवा. पहिल्या वर्षी मी उकरलेले कंद तसेच ओलसर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकले, दोन महिन्यांनी पिशवी सोडली तर आत काळा लगदा आणि असा वास की बायकोनं मला पिशवीसकट बाहेर काढलं. कागदात किंवा जाळीच्या पिशवीत, वारं लागेल असे ठेवायचे, एवढंच करायचं होतं.

ब्लॅकबेरी लिलीचं असं काही नाही. पानं चपटी, पत्त्यांचा डाव हातात धरल्यासारखी पसरलेली, त्यातनं दोन-तीन फुटाचा दांडा आणि वर केशरी फुलं, लाल ठिपक्यांची. एक फूल एकच दिवस टिकतं, संध्याकाळी बघितलं तर ओला पंचा पिळावा तसा पीळ घालून मिटलेलं असतं, पण सकाळी शेजारी दुसरं हजर. त्यामुळं फुलदाणीत ठेवायचं म्हणाल तर उपयोग नाही. मला खरी आवडते ती नंतर, बोंड वाळून उकलतं, साली मागं वळतात आणि आत काळ्याभोर चकचकीत बियांचा घोस, काळी तुतीच वाटावी, बऱ्याच दिवस तशाच चिकटून राहतात. हे वाळके दांडे मात्र फुलदाणीत मस्त दिसतात, पाणी पण लागत नाही.

जमिनीचं बघा. आमच्याकडं किल्ल्याच्या उताराला मुरूम, पाणी थांबत नाही, लिली लावली आणि विसरलो. सांगलीत काळी माती, पावसात चिकट होऊन बसते, तिथं दोन्हीचे कंद कुजणार. वीतभर उंच वाफा करून वाळू-मुरूम मिसळाच. ऊन दोघांनाही दिवसभर पाहिजे.

एक सांगायचं राहिलं, लिलीचा कंद विषारी आहे, चिनी औषधात वापरतात म्हणून कुणी उगाळून घेऊ नका, आणि घरात रांगतं पोर असेल तर कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला लावा.

मावशीला वाकून कंद उकरणं जमणार नाही, तिच्यासाठी लिलीच. ज्यांना गौरी-दिवाळीला घरात दांडे पाहिजेत आणि दरवर्षी खटपट करायची हौस आहे त्यांनी ग्लॅडिओलस घ्यावा, फक्त या सणांना दांडे पाहिजे असतील तर कंद पावसातच लावावे लागतात आणि मग कुजायची तयारी ठेवा.

नर्सरीत लिली म्हणून भलतंच गळ्यात मारतात, तेव्हा पानं बघून घ्या. खऱ्या लिलीची पानं दांड्याभोवती सगळीकडनं फुटतात, हिची बुडाशी पंख्यासारखी एका रांगेत. नाहीतर बियांपासनं करा, फूल बहुतेक दुसऱ्या वर्षी येतं. मावशीसाठी मूठभर बिया कागदात बांधून ठेवल्यात.