पाणचक्की : पावसाळ्यानंतर चार तारे, उन्हाळ्यात दोन

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आलेली मंडळी वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा उरकतात आणि परतीच्या गाडीला तासभर उरला की पाणचक्की ‘करून टाकतात’. मग सूर लागतो : एक हौद, त्यात मासे, एक फिरणारा दगड, संपलं. सूर अगदीच चुकीचा नाही. पण ही जागा मुळात बघायला म्हणून बांधलेलीच नव्हती. ती एका सूफी तकियाची, म्हणजे फकिरांच्या मठाची, पिठाची गिरणी होती. पिठाच्या बाजूने आत शिरलं तर तास अपुरा पडतो.

जागा खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाला लागून. दरवाजा आणि पूल दोन्ही जुने नि अरुंद, त्यामुळे मोठी गाडी अलीकडेच सोडून चालत गेलेलं बरं. तिकीट किरकोळ आहे. पहिली सूचना : आत गेल्यावर हौदाकडे धावू नका. आधी ती उंच भिंत गाठा, जिच्या माथ्यावरून पाणी हौदात कोसळतं. सगळी युक्ती तिथेच आहे.

पाणी येतं शहराच्या उत्तरेकडच्या जटवाड्याच्या डोंगरांतून, सहा-आठ किलोमीटरवरून. पंप नाही, मोट नाही, फक्त उतार. जमिनीखालून भाजक्या मातीचे नळ एकात एक बसवून चुन्याने सांधले आहेत. जमिनीखालून नेल्यामुळे उन्हाने पाणी आटत नाही आणि वाटेत जनावरंही तोंड घालत नाहीत. मातीच्या नळाला मात्र दाब सोसत नाही आणि चढउतारावर आत हवा अडकली की प्रवाह तुटतो. म्हणून अशा नहरींच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाणवाटांच्या, मार्गावर मध्येमध्ये बांधीव मनोरे असतात. पाणी त्यांत चढतं, हवा निघून जाते, दाब कमी होतो आणि पाणी पुढच्या नळात उतरतं. शेवटचा मनोरा म्हणजे ही भिंत. पाणी स्वतःच्याच दाबाने वर चढतं आणि वीसेक फुटांवरून खाली पडतं. शहराला नहरींची सवय मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लावली होती, ही त्याच विद्येची पुढची पायरी. गाइड ‘सायफन’ एवढा एक शब्द टाकून पुढे निघतो. त्याला थांबवून नळाचा मार्ग विचारा.

आता चक्की. खाली आडवं बसवलेलं लोखंडी पात्यांचं चक्र, त्यातून उभा निघालेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला वरचा दगड. खालची तळी जागची हलत नाही, तिच्या मधल्या भोकातून दांडा वर येतो. दातेरी चाकं नाहीत, पट्टा नाही. चक्राचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. घरच्या जात्याला खुंट्याऐवजी खालून पाण्याने धरलं, एवढाच फरक. या साधेपणामुळे मोडण्यासारखं फार काही नाही, पण बिघडतं ते दोनच ठिकाणी. एक, दोन दगडांमधली फट. ती कमी झाली तर पीठ तापतं, करपट वास येतो आणि दगडाची कच पिठात उतरते. जास्त झाली तर भरड पडते. दुसरं, दगड गुळगुळीत होणं. जात्याला टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने खाचा पाडतात, तशी इथेही लावावी लागणार, नाहीतर दाणा नुसता घसरतो. आज चक्की दळत नाही, फक्त फिरून दाखवते. दिवसातून एकदा मूठभर ज्वारी टाकून पीठ दाखवलं तर तिकीट दुप्पट केलं तरी कोणी कुरकुरणार नाही. शाळेच्या सहली तर तिथून हलणारच नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी, याचा हिशेब सोपा आहे. माणशी दोन भाकऱ्यांचं पाव किलो पीठ धरलं तर शंभर माणसांच्या एका जेवणाला पंचवीस किलो लागतं. हातजात्यावर ते चार-पाच बायकांच्या अख्ख्या सकाळचं काम. तकियात राबणारा बाई-माणसांचा गोतावळा नाही, आणि येणारे मात्र रोज नवे : फकीर, अनाथ मुलं, वाटसरू, मध्य आशियातून नशीब काढायला दख्खनेत आलेले शिपाई. त्यांच्या ताटाची सोय पाण्यावर सोडून दिली, हे इथलं खरं शहाणपण.

तकिया बाबा शाह मुसाफिर यांचा. ते बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे, नक्शबंदी सिलसिल्याचे, म्हणजे सूफी गुरुपरंपरेचे. त्यांचे पीर बाबा पलंगपोश हे हैदराबादच्या पहिल्या निजामाचे वडील गाझीउद्दीन खान फिरोजजंग यांच्या फौजेसोबत फिरत, आणि मुसाफिर नाव असलेले शिष्य मात्र शहरात एका जागी ठाण मांडून बसले. दोघांच्याही कबरी इथे आहेत. पलंगपोश १६९९ मध्ये वारले, मुसाफिर १७१५ मध्ये. पुढे गादीवर आलेल्या शाह महमूद यांनी दोघांच्या आठवणी फारसीत उतरवल्या. मशीद, हौद, चक्की हा पसारा दोन पिढ्यांत टप्प्याटप्प्याने उभा राहिला आणि चक्कीचं श्रेय तुर्कताज खान या सरदाराला दिलं जातं. म्हणूनच चक्कीसाठी कुठे १६९५ तर कुठे १७४४ असं साल वाचायला मिळतं. बाबांच्या हयातीनंतरचं साल बांधकामाच्या क्रमाशी जास्त जुळतं.

दर्ग्यात गेल्यावर अपेक्षाभंग होतो तो कव्वालीच्या शोधात आलेल्यांचा. खुलताबादचे बुऱ्हाणुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी हे चिश्ती या दुसऱ्या सूफी परंपरेचे, तिच्यात समा आहे, म्हणजे गाणं आहे. नक्शबंदींचा जिक्र, म्हणजे ईश्वराचं नामस्मरण, मुका असतो. ओठही न हलवता, मनातल्या मनात. याच गिज्दुवानच्या अब्दुल खालिक यांच्या नावावर या सिलसिल्याची सूत्रं सांगितली जातात. त्यातलं एक ‘सफर दर वतन’, म्हणजे घरबसल्या प्रवास. दुसरं ‘खल्वत दर अंजुमन’, गर्दीत राहून एकांत. सेल्फीच्या गर्दीत कबरीपाशी दोन मिनिटं गप्प उभं राहिलं की दुसऱ्या सूत्राचा सराव आपोआप होतो. डोकं झाकायला रुमाल घरून न्या, चपला बाहेर. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते. तेव्हा नुसतं बघायला येणाऱ्यांनी जाऊच नये.

हौद मशिदीसमोर आहे, सुमारे १६० फूट लांब आणि ३१ फूट रुंद. सगळे त्याच्या काठावर फोटो काढतात आणि पायाखालची गोष्ट राहून जाते : हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. जाडजूड खांबांवर टनावारी पाणी तोललंय आणि खाली वाटसरू गारव्यात पडून राहत. उतू जाणारं पाणी पुढे नदीत सुटतं. एप्रिल-मेमध्ये या गारव्यासाठीच यावंसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच पाण्याचा भरवसा नसतो.

ही या जागेची मोठी उणीव. डोंगरात पाऊस कमी झाला की नहर मंदावते, धार बारीक होते, चक्र थबकतं. पण सगळं खापर पावसावर फोडता येत नाही. मातीच्या नळात झाडांची मुळं शिरतात, गाळ बसतो, वरून घरं-रस्ते झाले की सांधे फुटतात. गळती जमिनीखाली असल्याने कळते उशिरा, ती थेट भिंतीवरची धार बारीक झाल्यावरच. आवारात रंगरंगोटी कितीही करा, दुरुस्ती तिकडे सहा किलोमीटर मागे व्हायला हवी. सप्टेंबर ते जानेवारी हा काळ धरा, तेव्हा धार बघण्यासारखी असते. फलकांवर चक्कीचा छेद दाखवणारं एक साधं चित्र लागलं तरी अर्धी गाइडगिरी वाचेल. राज्याच्या वक्फ मंडळाचं कार्यालयही याच आवारात आहे. जमीन, मशिदी, दर्गे यांच्या कागदांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसं इथे खेटे घालतात, म्हणजे तकियाचा राबता नव्या रूपात चालूच आहे.

बाहेर हिमरू शालींची दुकानं. घाई करू नका, शाल उलटी करा. खऱ्या हिमरूत सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमी बाणा (आडवा धागा) असतो आणि नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला मोकळे लोंबतात. पाठ पुढच्यासारखीच गुळगुळीत दिसली तर ती खरी हिमरू नाही असं समजा आणि त्या भावाने घ्या. ‘आमचीच खरी’ असं प्रत्येक दुकानदार म्हणणार. विणकराचा माग बघायला मिळेल का, एवढं विचारलं की भाव आपोआप खाली येतो.