कांद्याचे चित्र असलेली क्वेर्सेटिनची बाटली

गेल्या पावसाळ्यात घरातील सगळे एकापाठोपाठ एक तापाने आडवे झाले, तेव्हा राजारामपुरीतील एका औषध दुकानातून मी क्वेर्सेटिनच्या, म्हणजे कांद्यासह अनेक वनस्पतींत आढळणाऱ्या एका पिवळ्या द्रव्याच्या, 60 कॅप्सूलची बाटली 850 रुपयांना आणली. ‘काका, साथीत सगळे हेच नेतात,’ असे काउंटरवरचा मुलगा म्हणाला. बाटलीवर लाल कांद्याचे ठसठशीत चित्र आहे आणि त्याखाली ‘विषाणूंपासून नैसर्गिक संरक्षण’ असे छापले आहे. मागे मात्र, चष्मा लावूनही जेमतेम वाचता येईल अशा अक्षरांत, ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ आहे.

मालात खोट दिसली नाही. एक कॅप्सूल उघडून पेल्यातील पाण्यात टाकली, तर पिवळीधमक भुकटी कितीही ढवळली तरी विरघळेना. चिमूटभर खायचा सोडा घालताच पाणी गडद पिवळे झाले. क्वेर्सेटिन असेच वागते, अर्थात घरगुती तपासणीची धाव तेवढीच. कांदा मात्र चित्रापुरता आहे, कारण घटकांच्या यादीत सोफोरा जपोनिका या झाडाच्या कळ्यांचा अर्क लिहिला आहे. त्या कळ्यांतील रुटिन या द्रव्यापासून (साखर जोडलेल्या क्वेर्सेटिनपासून) क्वेर्सेटिन काढण्याची पद्धत जुनी आहे आणि तीत वावगे काही नाही. मग चित्रही कळ्यांचेच छापावे.

खरी तक्रार दाव्याविषयी आहे. क्वेर्सेटिनने प्रयोगशाळेत इन्फ्लुएंझासह अनेक विषाणूंची वाढ रोखली आहे, करोना विषाणूच्या प्रोटिएज या, प्रथिने तोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवले आहे, आणि ग्रीन टीमधील कॅटेचिन या द्रव्यांबाबतही अशी निरीक्षणे आहेत. परंतु हे सारे काचेच्या बशीतील पेशींवर आणि रक्तात सहसा न गाठल्या जाणाऱ्या मात्रेत घडते. गिळलेले क्वेर्सेटिन मुळात अपुरे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याला आतड्याच्या अस्तरात व यकृतात ग्लुकुरोनिक आम्ल आणि सल्फेट जोडले जात असल्याने मूळ रूपात फारच थोडे उरते. त्यातही कांद्यातील क्वेर्सेटिन साखरेला जोडलेले असल्यामुळे अधिक चांगले शोषले जाते: नेदरलँड्समधील 1995 सालच्या एका लहान अभ्यासात कांद्यातून 52 टक्के, तर शुद्ध क्वेर्सेटिनमधून 24 टक्के शोषण आढळले होते. आम्ही उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणीसाठी कांदे सोलतो, तेव्हा क्वेर्सेटिनने सर्वांत समृद्ध असलेली लाल साले पोतेभर टाकून देतो, ती गोष्ट वेगळी.

मी रोज एक याप्रमाणे बाटली संपवली आणि पाचव्या आठवड्यात मला ताप आलाच. एका माणसाच्या तापावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे, एवढी सूचनाही बाटलीवर नाही, ही उणीव मला दाव्यापेक्षा गंभीर वाटते. वडिलांना तशी गोळी सुरू असल्याने त्यांना ही कॅप्सूल मी दिली नाही, आणि दुसरी बाटली घेणार नाही.