हाताची वाकळ की मशीनचं पॅचवर्क? नवशिक्यानं सुरुवात कशानं करावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पांघरूण शिवायला शिकायचं म्हटलं की दोन वाटा समोर येतात. एक घरातली: जुन्या साड्या-लुगडी एकावर एक अंथरून हातानं धावदोरा घालत न्यायची वाकळ, म्हणजे शेजारच्या कानडी घरातली कौदी. दुसरी मोबाईलवर दिसणारी: नव्या सुती कापडाचे मापात कापलेले चौकोन मशीनवर जोडायचे, मध्ये वॅडिंग म्हणजे मऊ भरावाचा थर, खाली अस्तर आणि तिन्हींवरून पुन्हा शिलाई. बहुतेक नवशिक्यांनी वाकळीपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांनी मात्र नव्हे, म्हणून दोन्हींचं गणित मांडते.

खर्चात वाकळ सरळच स्वस्त. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या, लांब सुई, जाड सुती दोरा, दोऱ्याला लावायला मेण आणि बोटात अंगुस्तान, एवढ्यावर भागतं. कमी नेसलेलं इरकली लुगडं घेणार असाल तर त्याच्या लाल पदरावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर तो पदर बाजूला ठेवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी वाकळ गुलाबी.

मशीनच्या कामाला घरातली पायमशीन पुरते, कारण जोडकामाला सरळ टाक्यापलीकडं काही लागत नाही. पैसे जातात ते फिरत्या पात्याचा कटर, त्याखालची मॅट, पारदर्शक पट्टी, वॅडिंग आणि नवं कापड यांत. हे कापड आधी धुऊन घ्यायलाच हवं, नवं सूत आटतं. शिंप्याकडच्या चिंध्या आणत असाल तर एक दोरा ओढून जाळून पाहा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. असा तुकडा मध्ये आला की इस्त्री मारताना तो आक्रसतो आणि शेजारचे चौकोनही ओढले जातात.

खरा फरक अचूकतेचा आहे. पॅचवर्कमध्ये शिलाई कडेपासून पाव इंचावर पडायला हवी. समजा ती दर वेळी अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत गेली. दोन्ही बाजूंचं धरून प्रत्येक जोडात एक सूत कापड जास्त खाल्लं जातं. आठ चौकोनांच्या ओळीत सात जोड, म्हणजे सात सूत, जवळजवळ इंचभर ओळ आखूड. शेजारच्या ओळीत चूक वेगळी झाली असेल तर चौकोनांचे कोपरे जुळतच नाहीत. नवशिक्या माणसाचं मन इथंच मोडतं, आणि काम अर्धवट पिशवीत जाऊन पडतं.

वाकळ असं काही मागत नाही. टाका वाकडा गेला तर पुढच्या ओळीत सावरून घेता येतो. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायकांची कवंद (ठिगळांची गोधडी) पाहिली तर हे चांगलं कळतं. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि कडेकडेनं आत सरकतात. हातात येईल ते ठिगळ, कडा आत दुमडून, खालच्या साडीवर ठेवायचं आणि थरांमधून टाका घालत पुढं जायचं. माप नाही, नकाशा नाही, तरी रंगांची मांडणी अशी जमते की बघत राहावं. ठिगळ लावणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं, ही या पद्धतीची मोठी सोय.

वाकळीला वेळ मात्र भरपूर लागतो. माणूसभर लांबीची वाकळ बोटभर अंतराच्या ओळींनी शिवायची म्हणजे घरकाम सांभाळून महिने जातात. बोटं दुखतात, मानही भरून येते. शिवाय वाकळ ओली झाली की जड होते. खानापूरच्या पावसात ती वाळायचं नाव घेत नाही. पॉलिस्टर वॅडिंगचं पांघरूण हलकं असतं आणि लवकर वाळतं. घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर हा मुद्दा आधी विचारात घ्या.

शिकवणार कोण, हेही बघायला हवं. शिवणक्लासात बहुधा ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको शिकवतात. पॅचवर्क व्हिडिओ बघूनच शिकावं लागतं. वाकळ शिवणारी मावशी किंवा आज्जी गावात अजून सापडते. तिच्याकडं आपल्या साड्या घेऊन जा आणि बाजूला बसा. ती थर अंथरल्यावर तळव्यानं मधून कडेकडं सुरकुत्या कशा लोटते, ते बारकाईनं बघा. डाव्या हाताचं बोट कापडाखाली ठेवून सुईचं टोक खालच्या थरातून निघालं का ते ती दर टाक्याला चाचपते. व्हिडिओत हे बोट दिसत नाही. विचारलंत तर ती हातात सुई देईलच.

बोटांना संधिवात असेल, जवळचं दिसायला त्रास होत असेल किंवा उशांचे अभ्रे, पिशव्या शिवून विकायच्या असतील, तर थेट मशीनच धरा. पहिलं काम चार-चार चौकोनांचा अभ्रा एवढंच ठेवा. तीन थरांची मोठी रजई मशीनच्या साध्या फूटवर (कापड दाबून धरणाऱ्या पायावर) घालू नका; वरचा थर पुढं सरकतो आणि खाली चुण्या पडतात. त्यासाठी वरचा थरही खालच्याबरोबर ओढणारा वॉकिंग फूट लागतो.

बाकीच्यांनी तीन फूट लांब-रुंद दुपटं घ्यावं, तीन थरांचं, उन्हाळ्यात, अंगण कोरडं असताना. आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून थर पक्के करा, मगच धावदोरा. आणि मशीन घरात असेलच तर वरचं ठिगळकाम तिच्यावर जोडून थर हातानं शिवायलाही हरकत नाही. तेव्हा जोडाची शिवण जिथं जाड होते तिथून सुई नेऊ नका. तिच्या शेजारून, एकेरी कापडातून न्या.