मॅन्युअल टेस्ट ठेवायच्या कुठे: टेस्टलिंक, किवी की रेपोतल्या साध्या फाइली?

सीआयमध्ये (कोड बदलला की टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) आपोआप चालणाऱ्या टेस्टचा प्रश्न नाही. प्रश्न उरतो तो माणसाने डोळ्यांनी बघायच्या टेस्टचा. एखाद्या ओपन सोर्स एडिटरमध्ये 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' टाइप करायचं, पीडीएफ काढायची, 'ऱ्य' नीट उमटलाय का बघायचं, तिथून मजकूर कॉपी करून परत चिकटवायचा आणि अक्षरं शाबूत आहेत का तपासायचं. हे काम अजून तरी माणूसच बरा करतो. अशा पन्नासेक केसेस (पायऱ्या आणि अपेक्षित निकाल लिहिलेल्या टेस्ट) साठल्या की त्या ठेवायच्या कुठे, हे एकदा ठरवावंच लागतं. पैसे न मोजता स्वतःच्या ताब्यात राहणारे तीन पर्याय इथे घेतले आहेत: टेस्टलिंक आणि किवी ही केसेस सांभाळणारी वेब सॉफ्टवेअर, आणि रेपोत, म्हणजे प्रकल्पाचा कोड राहतो त्या गिटच्या साठ्यात, ठेवलेल्या साध्या फाइली.

टेस्टलिंक जुनं आणि मुरलेलं आहे. पीएचपी आणि मायएसक्यूएल चालवता येत असेल तर तासाभरात उभं राहतं. इन्स्टॉलर अडतो तो बहुधा लॉग आणि अपलोडच्या फोल्डरवर: दोन्हींचे मूळ पत्ते 'व्हार' (/var) खाली असतात आणि वेब सर्व्हरला तिथे लिहायची परवानगी नसते. कस्टम कॉन्फिग फाइलीत पत्ते बदलले की पुढे सरकतं. खरी अडचण वयाची आहे. १.९.२० ही आवृत्ती २०२० सालची. त्यानंतरच्या दुरुस्त्या गिटहबवरच्या ब्रँचमधून (कोडच्या समांतर शाखेतून) उचलाव्या लागतात, आणि नवं पीएचपी टाकलं की इशाऱ्यांचा पाऊस पडतो.

किवी टीसीएमएस हा रेड हॅटच्या नायट्रेट या टेस्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फुटलेला, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवरचा प्रकल्प. डॉकर कंपोझ चालवा, सुरुवातीची सेटअप कमांड द्या, झालं. केसेस मार्कडाउनमध्ये लिहिता येतात, इश्यू ट्रॅकरशी जोडता येतं. नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट एकच: केस लिहिली, प्लॅनमध्ये (तपासायच्या केसेसच्या यादीत) जोडली, तरी टेस्ट रनमध्ये (त्या यादीच्या एका प्रत्यक्ष फेरीत) येत नाही. नवी केस 'प्रपोज्ड' असते आणि रनमध्ये 'कन्फर्म्ड' केसेसच घेतल्या जातात. आपोआप चालणाऱ्या टेस्टचे निकाल किवीत आणणारा जेयुनिट प्लगइन लावणार असाल तर आणखी एक बघा. तो केस शोधतो नावावरून, त्यामुळे टेस्टचं नाव बदललं की नवी केस तयार होते आणि जुनी तशीच पडून राहते. पॅरामीटर असलेल्या टेस्टच्या नावात किंमतीही येतात, मग यादी फुगत जाते.

इथपर्यंत किवीचं पारडं सरळ जड आहे. पण माझा निर्णय रेपोतल्या फाइलींच्या बाजूने झाला तो एकाच कटकटीमुळे: दोन ब्रँच.

ओपन सोर्स प्रकल्पात जुनी रिलीज ब्रँच आणि मेन (नवं काम चालतं ती मुख्य ब्रँच) एकाच वेळी जिवंत असतात. मेनवर कुणीतरी 'एक्स्पोर्ट'चा पर्याय फाइल मेनूतून शेअर मेनूत नेतो. आता टेस्ट केसची तिसरी पायरी कुठली खरी? किवीत केसचा इतिहास राहतो, पण तो एकाच रेषेत. दोन मजकूर एकाच वेळी चालू ठेवायचे तर केस क्लोन करावी लागते, आणि मग शुद्धलेखनाची चूकसुद्धा दोन ठिकाणी दुरुस्त करायची. टेस्टलिंक इथे थोडं शहाणं आहे. एका प्लॅनला आवृत्ती ३ आणि दुसऱ्याला ४ अशी बांधता येते. मात्र एकदा चालवलेली आवृत्ती सहसा गोठते. जुन्या ब्रँचसाठी ३ मध्ये बदल करायला गेलात की त्यावरून ५ तयार होते, आणि पुढचा नवा प्लॅन तीच ताजी समजून उचलतो. जुना मजकूर नव्या रिलीजला! टेस्टर निमूटपणे 'फेल' नोंदवतो आणि मेंटेनर नसलेला बग शोधत बसतो.

फाइल रेपोत असली की हा प्रश्नच उद्भवत नाही. मेनू हलवणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच (कोडबदलाच्या प्रस्तावातच) टेस्टची पायरी बदलते, रिव्ह्यूअरला दोन्ही शेजारी दिसतात, आणि चेरी-पिक केलं, म्हणजे तो एकच बदल दुसऱ्या ब्रँचवर नेला, तर दोन्ही सोबत जातात. थोडी शिस्त मात्र लागते. एका केसला एक फाइल. नावाच्या सुरुवातीला कायमचा क्रमांक; केस रद्द झाली तरी तो क्रमांक दुसरीला द्यायचा नाही. अपेक्षित निकाल प्रत्येक पायरीखाली लिहायचा, सगळे शेवटी कोंबायचे नाहीत. आणि जे डोळ्यांना सारखं दिसतं ते कोडपॉइंटने (अक्षराच्या युनिकोड क्रमांकाने) सांगायचं: 'ऱ्य' हे ऱ (०९३१), हलंत आणि य असंही लिहिता येतं, किंवा र, हलंत, झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) आणि य असंही. कुठलं ते लिहिलं नाही तर एकाचा 'पास' आणि दुसऱ्याचा 'फेल' या मुळात वेगवेगळ्या टेस्ट असतात.

फाइलींची लंगडी बाजू म्हणजे निकाल. रिलीजसाठी गिटहबवर इश्यू उघडून चेकबॉक्स टाकायचा मोह होतो. पण त्यावर खूण करू शकतो फक्त इश्यू लिहिणारा किंवा रेपोत लिहायची परवानगी असलेला. बाहेरून मदतीला आलेल्याच्या हाती फक्त कॉमेंट. शिवाय रिकाम्या चौकटीवरून कळत नाही की टेस्ट केलीच नाही, अडली की फेल झाली. म्हणून ठरलेल्या साच्याची कॉमेंट बरी: केस क्रमांक, निकाल, कमिट हॅशची (तपासलेल्या कोडच्या गिटमधल्या ओळखक्रमांकाची) पहिली सात अक्षरं, ऑपरेटिंग सिस्टिम. फेडोरा या लिनक्स प्रकल्पाने हेच विकीवर जमवलंय. केसेसची पानं वेगळी आणि प्रत्येक बिल्डच्या निकालांचं पान वेगळं, तिथे टेस्टर आपल्या नावासह निकाल टाकतो.

दहा-बारा जण एकाच वेळी तीन-चार प्लॅटफॉर्मवर तपासत असतील, किंवा 'ही केस मागच्या पाच रिलीजमध्ये कधी फेल झाली होती' असं वारंवार विचारलं जात असेल, तर कॉमेंटी चाळून जीव जाईल. तिथे किवी घ्याच. तरीही मजकूर रेपोतच ठेवावा असं मला वाटतं. किवीच्या केसमध्ये नाव आणि क्रमांक एवढंच, आणि रनच्या नोट्समध्ये त्या रिलीजच्या टॅगवरच्या (गिटमधल्या कायमच्या खुणेवरच्या) फोल्डरची लिंक. मेनची लिंक दिलीत तर दोन ब्रँचची कटकट मागच्या दाराने परत येईल. किवीची मोफत डॉकर इमेज 'लेटेस्ट' टॅगवर मिळते, ठरावीक आवृत्तीचे टॅग वर्गणीदारांसाठी आहेत. म्हणून इमेज डायजेस्टने (तिच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) पिन करा आणि प्रत्येक अपग्रेडआधी डेटाबेसचा डंप काढून ठेवा.