पांढरा ॲनिमोन घेतला त्याला आठ महिने झाले, आता लिहितोय

घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते आणि दहाव्या दिवशी शून्य, म्हणून मुद्दाम थांबलो. ॲनिमोन म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, दगडाला चिकटून राहणारा, वर बोटांसारख्या लवलवत्या शुंडकांचा झुबका. टँक तीन फुटी, साधारण 190 लिटरचा, गोव्यात फोंड्याला घरी हॉलमध्ये, खाऱ्या पाण्याचा, आणि ॲनिमोन आणला तेव्हा टँकला दीड वर्ष झालं होतं. हे आधीच सांगतो कारण नवीन टँकमध्ये ॲनिमोन टाकून मग रडणारे बरेच बघितलेत. निदान सहा महिने टँक मुरू द्या, जमलं तर जास्त.

तर ऑक्टोबरात एका दुकानात सेबे जातीचा ॲनिमोन दिसला, दुधासारखा पांढरा आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला जांभळा ठिपका. निळ्या लाइटखाली असा काही चमकत होता की बायको पण म्हणाली, अहो घ्याच हा. बाजूच्याच टाकीत बबल टिप जातीचा (बोटांची टोकं बुडबुड्यासारखी फुगतात तो) एक पीस होता, मळकट, चहाच्या चोथ्याच्या रंगाचा, त्याच्याकडे कोण बघणार. दुकानदार म्हणाला, पात्रांव (म्हणजे शेठ), असलो पीस परत मेळचो ना. घेतला.

घरी माझा लाइट पांढरा. त्यात पिशवीतून बाहेर काढला तर तो पांढरासुद्धा नव्हता, पारदर्शक होता, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. बोटांच्या आरपार मागचा दगड दिसत होता. तेव्हा कुठे पोटात गोळा आला.

मग रात्र रात्र वाचत बसलो. या ॲनिमोनच्या अंगात झूझॅन्थेली नावाचं बारीक शेवाळ राहतं, रंगाने तपकिरी, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं ॲनिमोनला मिळतं. ताण आला, म्हणजे पाणी तापलं, प्रवासात अंधारात पडून राहिला, खारटपणा वरखाली झाला, की ते शेवाळ निघून जातं आणि उरतं नुसतं रिकामं अंग. जांभळी टोकं ॲनिमोनची स्वतःची, ती जात नाहीत, उलट पांढऱ्यावर जास्तच उठून दिसतात आणि आपण त्यालाच भुलतो. म्हणजे मी ज्याला दुर्मिळ रंग समजून पैसे मोजले तो उपाशी जीव होता. लक्षद्वीपचं प्रवाळ 1998, 2010 आणि 2016 ला पांढरं पडल्याच्या बातम्या आठवत असतील तर हे तेच आहे, फक्त काचेच्या डब्यात.

आणि निळा लाइट! यावर मी किती पण लिहू शकतो. निळ्या उजेडात अंगातली चमकणारी प्रथिनं हिरवी झगमगतात, ती पांढऱ्या पडलेल्या ॲनिमोनमध्ये पण शिल्लक असतात, त्यामुळे अर्धमेला पीस पण शोभून दिसतो. आता मी दुकानात गेलो की पहिलं म्हणतो पांढरा लाइट लावा, नाही लावला तर मोबाइलचा टॉर्च बाजूने मारतो आणि बोटांच्या आरपार काही दिसतं का बघतो. चांगल्या पीसची बोटं भरीव दिसतात, उजेड अडतो. रंग तपकिरी, खाकी, शेवाळी हिरवा, काहीही असू दे. रोझ बबल टिप तर लालच असतो, तो पण उत्तम, पण लालच्या खाली तपकिरी अस्तर असल्यासारखा गडदपणा पाहिजे. फिका गुलाबी आणि काचेसारखा असेल तर तो पण गेलेलाच समजा. देठ फिका असला तर एवढं मनावर घेऊ नका, बोटं आणि मधली चकती बघा.

पिवळ्याबद्दल वेगळं सांगतो कारण म्हापशाच्या मित्राने तसलाच घेतला. हायलायटर पेनसारखा पिवळा, टोकापासून पायापर्यंत एकच रंग, कुठे कमी नाही जास्त नाही. नैसर्गिक पिवळे असतात, पण कमी, आणि इतके सपाट नसतात. हा रंगवलेला होता. आधीच पांढरा पडलेला पीस रंगात बुडवतात. त्याचा तीन आठवड्यांत विरघळला आणि जाता जाता दोन मासे घेऊन गेला, कारण मेलेला ॲनिमोन एका रात्रीत पाणी नासवतो. वास असा की शेजारच्या काकी विचारायला आल्या.

माझ्यावर या. पहिले दहा दिवस सकाळी आकसलेला, दुपारी फुललेला, तोंड थोडं उघडं. तोंड शर्टाच्या काजासारखं मिटलेलं पाहिजे, आ वासलेलं नको, हे दुकानातच बघायचं असतं, मी बघितलं नव्हतं. लाइट 30 टक्क्यांवर आणला, कारण शेवाळच नाही तर प्रखर उजेडाचं करायचं काय, उलट भाजतो, आणि मग दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत नेला. खायला सुंगटां, म्हणजे कोळंबी, तूरडाळीच्या दाण्याएवढा तुकडा, आठवड्यातून तीनदा. आधी मोठा तुकडा दिला होता तो दोन तासांनी जसाच्या तसा बाहेर. क्लार्की जातीच्या क्लाउनफिशची जोडी होती (हे मासे ॲनिमोनमध्येच राहतात) तिला जाळी लावून पलीकडे ठेवलं, नाहीतर ती त्याच्यात लोळून लोळून त्याला जीव धरू देत नव्हती.

पाचव्या आठवड्यात रविवारी सकाळी बोटांच्या मुळाशी मळ बसल्यासारखं दिसलं. मला वाटलं घाण, पिपेटने पाणी मारून बघितलं, हलेना. तो रंग होता! अगदी फिका, पाणी जास्त झालेल्या चहासारखा, मुळाकडून वर चढत होता. नाताळपर्यंत अर्धी बोटं, शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमाराला पूर्ण. मध्येच एकदा तोंडातून तपकिरी दोरा बाहेर आला आणि माझा जीव परत टांगणीला, पण जास्तीचं शेवाळ असं थोडं थोडं टाकतात, नेहमीचं आहे. आता तो खाकी आहे, बोट लावलं की टेपसारखा चिकटतो, आधी नुसता गुळगुळीत लागायचा. टोकं अजून जांभळी, फक्त आता तेवढी दिसत नाहीत. बायको म्हणते पहिल्यांदा छान होता.

एप्रिल मे वाईट गेले. टँक 30 डिग्रीला टेकला, चिलर (पाणी गार करायचं यंत्र) घ्यायची ऐपत नाही, दोन पंखे लावून 27-28 वर ठेवला आणि उडालेलं पाणी रोज आरओच्या पाण्याने भरलं, नाहीतर खारटपणा चढतो. आता जूनमध्ये लाइट जाण्याचं सत्र सुरू आहे, त्याला बॅटरीचा एअर पंप. आणि 1 जूनपासून मासेमारी बंद म्हणून कोळंबी मे अखेरीलाच आणून फ्रीझरमध्ये, घरच्यांपेक्षा त्याच्यासाठी आधी.

तो चोथ्याच्या रंगाचा बबल टिप पण मी डिसेंबरात जाऊन आणला, तोपर्यंत कोणी नेला नव्हता आणि स्वस्तात मिळाला. त्याच्याबद्दल लिहायला काहीच नाही. चिकटला, फुलला, खातो, बस. अधूनमधून बोटांचे बुडबुडे जातात आणि येतात, त्याने काही बिघडत नाही.

जानेवारीत ओहोटीला हणजुणच्या खडकांवर गेलो होतो. डबक्यांत छोटे छोटे ॲनिमोन दिसले, जात वेगळी, पण सगळे तपकिरी नाहीतर शेवाळी, पाय ठेवेपर्यंत कळत नाही. पांढरा एक पण नाही. (बघा आणि सोडा, उपटून आणू नका, त्याचा पाय फाटला की संपलं.)

परवा टँकचं सॉल्ट आणायला त्याच दुकानात गेलो. कोपऱ्यात नवीन पांढरा पीस, किंमत माझ्या वेळेपेक्षा वाढलेली, समोर एक कॉलेजचा मुलगा फोटो काढत उभा. मी काही न बोलता बाजूने टॉर्च मारला. मुलगा वाकला, बघितलं, म्हणाला, अरे मागची पाइप दिसते. आतून आवाज आला, पात्रांव, टॉर्च बंद करात, नुस्त्यांक (माशांना) त्रास जाता.